उठायचं कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. लेक माहेरपणाला आली होती. तिला दौंड तालुक्यात दिली आहे, आम्ही शिरूर तालुक्यातले. मध्ये भीमा. अलीकडे आम्ही, पलीकडे ती. तिचा मुलगा आणि माझ्या मुलाचा मुलगा एकाच वयाचे, दोघंही सहावीत. आपल्या सोयीसाठी एकाला दौंडकर म्हणू आणि दुसऱ्याला शिरूरकर.

आमच्या लहानपणी सुट्टीतली पोरं अंधार पडला तरी घरात येत नसत. आता दिवस मावळायच्या आत त्यांना हाका मारून आत घ्यावं लागतं. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. शिरूर, जुन्नर, आंबेगावकडच्या माणसाला यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको. मग सातनंतर पोरांनी करायचं काय? दोघं दोन मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसत आणि मिळून एकच खेळ खेळत.

एका संध्याकाळी आतून एकदम भांडणाचा आवाज आला आणि पाठोपाठ शिरूरकर हुंदके देत बाहेर आला. आजीला वाटलं, मारामारी झाली. मी विचारलं, "काय झालं रे?"

"आबा, मी मेलो."

"गेममध्येच ना? मग त्यात रडायचं काय? पुन्हा खेळ."

"मेलो म्हणून नाही रडत. मरतो तर मी रोजच. घरी उठलो नाही म्हणून रडतोय."

मी तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. बाद झालेले, हरलेले, गुडघे फोडून घेतलेले कितीतरी गडी पाहिले. पण 'मेल्याचं दुःख नाही, घरी उठलो नाही याचं आहे' हे गाऱ्हाणं माझ्याकडे कोणी आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघांना शेजारी बसवलं आणि सगळं समजून घेतलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो. घरात या वयाची मुलं असतील त्यांना उपयोगी पडेल.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या मार्कुस पेर्सन नावाच्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये तो लोकांपुढे आणला, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तो पूर्ण स्वरूपात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. यात जिंकायचं असं बंधन नाही. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. ठोकळा फोडायचा, गोळा करायचा, दुसरीकडे रचायचा. कोणी घर बांधतं, कोणी शेती करतं, कोणी खाणीत उतरतं. लहान मुलं वाळूत खेळतात तसा हा मोकळा खेळ, म्हणून याला 'सँडबॉक्स' म्हणतात.

या जगातला एक दिवस आपल्या २० मिनिटांचा. त्यातली सातेक मिनिटं रात्र. रात्री अंधारातून राक्षस निघतात आणि तुमच्यामागे लागतात. बिबट्याला भिऊन आत आलेली पोरं मोबाइलमध्येही दारं लावून बसलेली मी पाहिली आणि मला हसू आलं.

राक्षसाने गाठलं, कड्यावरून पडलात, तापलेल्या लाव्ह्यात पाय गेला, की तुम्ही मरता. मेल्यावर खेळ संपत नाही. तुम्ही पुन्हा उठता. ज्या जागी उठता तिला मुलं 'स्पॉन' म्हणतात, आणि पुन्हा उठण्याला 'रिस्पॉन'. हा शब्द मुळात पाण्यातला आहे. इंग्रजीत स्पॉन म्हणजे मासे, बेडूक यांची अंडी आणि ती घालण्याची क्रिया. मत्स्यव्यवसायात माशांच्या अगदी इवल्या पिलांना मराठीत मत्स्यजिरे म्हणतात, त्यांनाही इंग्रजीत स्पॉनच म्हणतात. उजनीच्या फुगवट्याकाठच्या मंडळींच्या कानावरून हा शब्द गेला असेल. पाण्यात एकदम जीव दिसू लागावेत तसा खेळातला गडी किंवा राक्षस एका जागी अचानक उपजतो, म्हणून तो शब्द संगणकाच्या खेळांत आला. १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'सारख्या खेळांनंतर तो पोरांच्या तोंडी बसला.

आता मुद्दा असा, की उठायचं कुठे?

नवं जग तयार होतं तेव्हा खेळ स्वतःच एक आरंभाची जागा ठरवतो. तुम्ही पहिल्यांदा तिथे उभे राहता आणि दुसरी काही सोय केली नाही, तर प्रत्येक मरणानंतर तिथेच किंवा तिच्या आसपास उठता. पण माणूस काही आरंभाच्या जागीच राहत नाही. चांगली जमीन, पाणी, खाण शोधत तो लांब जातो आणि तिकडे घर बांधतो. मग मेल्यावर दरवेळी मैलोन् मैल चालत घरी यायचं का? यासाठी खेळात एक खास वस्तू आहे. ती म्हणजे बेड. आपला साधा झोपायचा पलंग.

तीन ठोकळे लोकर आणि तीन फळ्या एवढ्यात बेड तयार होतो. लोकर मेंढ्यांची. आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसतात, त्यामुळे हा भाग दोघांना शिकवावा लागला नाही. बेड जमिनीवर मांडला आणि त्यावर आडवं झालं, की खेळ ती जागा तुमच्या नावावर लिहून घेतो. रात्री जगातल्या सगळ्यांनी झोप घेतली तर रात्रही सरते. यापुढे मेलात तर या बेडशेजारी उठाल. नावाला पलंग, पण खरं काम पत्त्याचं. 'हा माणूस कुठे राहतो' याची खेळाच्या दप्तरातली नोंद म्हणजे तो बेड.

या नोंदीला अटी आहेत. बेड जागेवर असला पाहिजे. त्याच्या भोवती उभं राहण्यापुरती मोकळी जागा पाहिजे. बेड मोडला, किंवा चारी बाजूंनी भिंत घालून तो कोंडला, तर खेळ तुम्हाला तसं कळवतो आणि थेट आरंभाच्या जागी नेऊन सोडतो. मेल्यावर अंगावरचं, हातातलं सगळं सामान मेल्या जागी सांडतं. त्याच्या आसपास कोणी वावरत असलं तर ते पाच मिनिटांत नाहीसं होतं. म्हणून घर जवळ असणं महत्त्वाचं. बेडवरून उठायचं, धावत जायचं, सामान उचलायचं.

आता शिरूरकराचं रडणं उलगडतं. दौंडकराने गंमत म्हणून त्याचा बेड फोडून आपल्या पेटीत टाकला होता. शिरूरकराला पत्ताच नाही. तो खाणीतून चार दिवसांची कमाई घेऊन येत होता, कड्यावरून पडला आणि मेला. उठला तो आरंभाच्या जागी. रात्रीची वेळ, हातात काठीसुद्धा नाही, घर कुठल्या दिशेला हेही आठवेना. घराचा रस्ता सापडेपर्यंत खाणीजवळचं सामान गेलेलं. मोठ्या माणसाचं पाकीट एसटीत मारलं गेलं आणि तो अनोळखी गावात रात्री उतरला, तर त्याचा चेहरा कसा होईल? तसा त्याचा झाला होता. आपण मात्र म्हणतो, 'गेमच तर आहे.'

समजून घेताना होकायंत्राची गंमत कळली. या खेळात होकायंत्र करता येतं, पण त्याची सुई उत्तरेकडे नसते आणि तुमच्या बेडकडेही नसते. ती जगाच्या आरंभाच्या जागेकडे वळलेली असते. घर कितीही लांब बांधा, सुई पहिल्या जागेकडेच. हे ऐकून स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "म्हणजे सुई माहेराकडे आणि उठायचं सासरी! हा खेळ बाईमाणसाने केला असणार." सगळे हसले, शिरूरकरसुद्धा.

मला आठवण झाली ती आपल्या खेळांची. मरणं आणि जिवंत होणं आपल्या मैदानात फार जुनं आहे. विषामृत आठवा. राज्य असलेल्याने 'विष' म्हणून शिवलं, की जिथल्या तिथे बसायचं. सवंगड्याने येऊन 'अमृत' म्हणून शिवलं, की उठायचं. इथे उठायची जागा म्हणजे मेलेलीच जागा, पण उठण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो. डबा ऐसपैसमध्ये तर एक खास वस्तूच असते. सगळे गडी सापडले आणि एक जरी लपलेला राहिला, त्याने धावत येऊन डबा उडवला, की सगळ्यांची सुटका आणि राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर. एका पत्र्याच्या डब्यात सगळ्यांचे प्राण!

कबड्डीत हा विचार सर्वांत पुढे गेला. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार असत. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला, की आपला एक बाद गडी जिवंत होतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, पूर्ण संघ बाद होईपर्यंत त्याला आत येता येत नाही. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. आज आपण जी कबड्डी पाहतो, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत जी पोचली, ती संजीवनीच्या वळणाची. तीत बाद गड्यांची बसण्याची जागा आखलेली असते आणि जो आधी बाद झाला तो आधी उठतो. सातही बाद झाले तर लोण चढतो, समोरच्याला दोन गुण जादा मिळतात आणि सगळे पुन्हा मैदानात येतात.

मैदान तेच, रेघा त्याच, चढाई आणि पकडही तीच. फक्त बाद गडी कसा उठतो एवढा नियम बदलला आणि तीन वेगळे खेळ झाले. गामिनीत गडी जपून खेळतो, कारण एकदा गेला की लवकर परत येणं नाही. अमरमध्ये बेधडक घुसतो. संजीवनीत मेलेला गडीही बाहेर बसून ओरडत असतो, कारण त्याचा जीव आत असलेल्याच्या हातात असतो. माइनक्राफ्टमध्येही असंच आहे. 'हार्डकोर' नावाच्या प्रकारात एकच जीव, मेलात की त्या जगात पुन्हा गडी म्हणून खेळता येत नाही. 'क्रिएटिव्ह'मध्ये राक्षस तुम्हाला मारू शकत नाहीत. आणि या दोन टोकांच्या मध्ये आमच्या पोरांचा बेडवाला खेळ.

म्हणून खेळ करणारा उठण्याच्या बाबतीत तीन गोष्टी ठरवतो. कुठे उठायचं, काय घेऊन उठायचं आणि ती जागा ठरवण्याचा अधिकार कोणाचा.

पहिलीचं उदाहरण बेड. पण पाताळासारखा 'नेदर' नावाचा एक भाग आहे. तिथे बेडवर झोपायला गेलात तर बेडचा स्फोट होतो. तिथे उठायचं असेल तर २०२० मध्ये आलेला 'रिस्पॉन अँकर' नावाचा ठोकळा लागतो. तो चमकत्या दगडाने भारावा लागतो. एका वेळी जास्तीत जास्त चार भार मावतात आणि प्रत्येक उठण्याला एक खर्ची पडतो. चार संपले आणि पुन्हा भरायचं विसरलात, की तिथलं उठणं बंद. म्हणजे धोक्याच्या मुलुखात उठण्यालाही मोल आहे.

दुसऱ्या गोष्टीत खेळाखेळात फरक पडतो. फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेला असाच एक ठोकळ्यांचा खेळ आहे. पूर्वी त्याचं नाव माइनटेस्ट, २०२४ पासून लुआंटी. तो फुकट मिळतो, शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतो. त्यातल्या नेहमीच्या खेळातही बेडची सोय आहे. पण मेल्यावर सामान सांडत नाही, मेल्या जागी हाडांचा एक ठोकळा तयार होतो आणि सामान त्यात राहतं. वीस मिनिटं त्यावर फक्त मालकाचा हक्क, नंतर कोणीही घ्यावं. माझ्यातल्या मास्तराला हा नियम जास्त पटला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनेक जण एका जगात खेळतात तेव्हा आरंभाची जागा ते जग चालवणारा बदलू शकतो. तिच्याभोवती काही अंतरापर्यंत इतरांना फोडाफोड करता येणार नाही, अशी सोयही संगणकावरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरमध्ये असते. कारण नवा गडी तिथे रिकाम्या हाताने उभा राहतो, त्याच्या पायाखालची जमीन कोणी काढून घेऊ नये. तरी काही टवाळ उठायच्या जागेशीच दबा धरून बसतात. उठला की मार, उठला की मार. मैदानात आम्ही पडलेल्या गड्याला मारत नाही, पंच शिट्टी वाजवतो. तिथे शिट्टी वाजवायला बहुधा कोणी नसतं. म्हणून घरातल्या मोठ्यांना हे माहीत असावं. मूल खेळून उठल्यावर चिडलेलं असेल, तर 'बंद कर तो मोबाइल' म्हणण्याआधी 'मेल्यावर कुठे उठलास?' एवढं विचारून पाहा. उत्तरावरून कळेल, ते नुसतं हरलं आहे की कोणी त्याला छळतं आहे.

हे सगळं ऐकताना मला माझ्या एका विद्यार्थ्याची आठवण येत होती. चढाईत विजेसारखा. दहावीला गणितात गेला. त्या काळी फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये असे. 'ऑक्टोबरची वारी' हा शब्द तेव्हा घरोघरी होता. तिचा निकाल लागेपर्यंत अकरावीचे प्रवेश होऊन गेलेले असत, म्हणजे एका विषयासाठी अख्खं वर्ष. घरच्यांनी म्हटलं, वर्षभर बसून काय करतो? कामाला लावला. पुस्तकं दिली कोणाला तरी. ऑक्टोबर आला तेव्हा तो फॉर्म भरायलाही आला नाही. मी त्याच्या घरी गेलो नाही, हे मला आजही सलतं. नापास होणं त्याच्या वर्गात आणखी पाचसात जणांच्या वाट्याला आलं होतं. त्यातले ज्यांच्या घरात पुस्तकं जागेवर राहिली, ते पुढच्या वर्षी उठले. याला उठायला जागाच उरली नव्हती.

२०१५ पासून राज्य मंडळाने दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घ्यायला सुरुवात केली, म्हणजे पास होणाऱ्याला त्याच वर्षी अकरावीत जाता यावं. प्रश्नपत्रिका काही सोपी झाली नाही. फक्त उठायची जागा पडल्या जागेच्या जवळ आणली, आणि तेवढ्याने कितीतरी मुलांचं वर्ष वाचलं. सहावीतल्या पोराचं रडणं ऐकल्यावर या निर्णयाचं मोल मला नव्याने कळलं.

आमच्याकडचा तंटा मी मास्तरकी करून मिटवला. दौंडकराला विचारलं, "तू त्याला मारलंस का?" म्हणाला, "नाही, मी फक्त बेड काढला." मी म्हटलं, "मारलं असतंस तर तो घरी उठला असता. तू त्याचं घरच काढून घेतलंस." तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने आपल्या मेंढ्यांची लोकर काढून नवा बेड करून दिला. मग दोघांनी नियम केले. दुसऱ्याच्या बेडला हात लावायचा नाही. आरंभाच्या जागी एक सामाईक पेटी ठेवायची. त्यात भाकरी, एक तलवार, मशाली आणि होकायंत्र. खेळात ब्रेड म्हणतात, पण आमच्या घरात ती भाकरीच. तिथून घरापर्यंत वाटेवर मशाली लावायच्या, म्हणजे कोणी चुकून तिथे उठलाच तर रात्रीही घर सापडेल. पेटीची कल्पना शिरूरकराची, मशालींची दौंडकराची. मी फक्त ऐकत होतो.

भाऊबीज झाली. लेक आणि दौंडकर भीमेपलीकडे गेले. जाताना त्याने मामेभावाला बजावलं, "तुझ्या घरातला माझा बेड तसाच ठेव हां." खेळातल्या घरात दोघांचे बेड शेजारी शेजारी मांडले होते.

चारआठ दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन आला. शिरूरकर शिकवणीला गेला होता, म्हणून मीच घेतला. "आबा, माझा बेड आहे ना अजून?" मला तो खेळ उघडून बघता येत नाही. शिरूरकर आल्यावर त्याला दाखवायला लावला आणि उलट फोन करून सांगितलं, "आहे रे, जागेवर आहे."